अंतराळातल्या खेळात जहाजं दारातच का घुटमळतात?

दिवाळीच्या सुट्टीत भाची घरी आली होती. तिच्या लॅपटॉपवर अवकाशयान चालवायचा एक खेळ होता. माल भरायचा, एका स्थानकावरून दुसऱ्यावर न्यायचा, वाटेत चाचे आडवे आले तर निभावून न्यायचं. स्थानकाच्या दाराशी आम्ही दोघं आत जायच्या परवानगीची वाट बघत होतो आणि आमच्या पुढे एक भलंमोठं मालवाहू जहाज होतं. ते दाराकडे यायचं, अगदी तोंडाशी आल्यावर थोडक्यात चुकायचं, लांब वळसा घेऊन परत यायचं आणि पुन्हा चुकायचं. भाचीनं मोजलं, चौदा फेऱ्या झाल्या. मागे आणखी तीन जहाजं खोळंबली होती. त्यातल्या एकाचं नाक सारखं डावीकडे-उजवीकडे थरथरत होतं, पण ते जागचं हलत नव्हतं. कंटाळून आम्ही दुसऱ्या ग्रहमालेत गेलो आणि पाचेक मिनिटांनी परतलो. ते जहाज आत धक्क्याला लागलेलं, बाहेरची रांग गायब!

"मामा, आपण बघत होतो तोवर त्याला जमत नव्हतं. आपण गेल्यावर बरं जमलं?"

माझं रोजचं काम प्रोग्रॅमिंगचं, त्यामुळे उत्तर ठाऊक होतं. पण ते तिला समजेल असं सांगायला संध्याकाळ लागली. हे खेळ खेळणारे बहुतेक जण अशा वेळी "कॉम्प्युटर येडा आहे" म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही. या जहाजांच्या वागण्याला कारणं आहेत, आणि ती एकदा कळली की पडद्यावरची ट्रॅफिक बघायला जास्त मजा येते.

जहाज चालवतंय कोण?

खेळात जी जहाजं माणूस चालवत नाही, त्यांना खेळाडू एनपीसी म्हणतात. प्रत्येक एनपीसीच्या डोक्यात साधारण दोन थर असतात. वरचा थर 'आत्ता मी काय करतोय' एवढंच लक्षात ठेवतो: प्रवासात आहे, रांगेत आहे, आत शिरतोय, पळून जातोय. एका वेळी एकच अवस्था, आणि एकीतून दुसरीत कधी जायचं याचे ठरलेले नियम. याला स्टेट मशीन म्हणतात. रस्त्यावरचा सिग्नल हे त्याचं सर्वांत साधं उदाहरण. तो लाल असतो, हिरवा असतो किंवा पिवळा असतो, आणि वेळ संपली की पुढच्या रंगावर जातो. चौकात काय गोंधळ चाललाय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

खालचा थर सुकाणू धरतो. दाराकडे जायचंय तर दाराच्या दिशेनं एक ओढ, समोर दुसरं जहाज असेल तर त्याच्यापासून लांब एक ढकल. सगळ्या ओढी आणि ढकलींची बेरीज करायची आणि जी दिशा निघेल तिकडे वळायचं. क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ मध्ये पक्ष्यांचे थवे संगणकावर उडवून दाखवले, तेव्हा प्रत्येक पक्ष्याला तीनच नियम दिले होते: शेजाऱ्याला धडकू नको, शेजारी ज्या दिशेनं उडतायत त्याच दिशेनं उड, थव्यापासून फार लांब जाऊ नको. त्यातून हुबेहूब थवा तयार झाला. हीच पद्धत त्यांनी १९९९ मध्ये खेळांतल्या पात्रांसाठी सविस्तर मांडली, आणि आजच्या अनेक खेळांतली जहाजं तिच्याच कुठल्यातरी रूपावर चालतात.

यात एक गोष्ट ध्यानात घ्यायची. जहाजाला पडद्यावरचं चित्र दिसत नाही. 'दार अमुक ठिकाणी, शेजारी तमुक ठिकाणी' असे मोजके आकडे त्याला मिळतात. अंधाऱ्या खोलीत हात पुढे करून चालणाऱ्या माणसासारखी त्याची स्थिती असते. आपल्याला अख्खी खोली दिसत असते, म्हणून तो चुकला की नवल वाटतं.

विचारसुद्धा रेशनवर

या प्रकारच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे 'एलिट'. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या इंग्लंडमधल्या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहिला आणि १९८४ मध्ये बीबीसी मायक्रो या संगणकासाठी तो बाजारात आला. त्या यंत्राची मेमरी होती ३२ किलोबाइट. तेवढ्यात आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रहमाला, व्यापारी, चाचे, पोलीस आणि गोल फिरणारं स्थानक बसवायचं होतं. त्याचा मूळ कोड आता कुणालाही वाचता येतो, आणि तो वाचताना माझा ऊर भरून येतो. एका जहाजाची सगळी माहिती, म्हणजे ते कुठे आहे, कुठल्या तोंडानं आहे, वेग किती, जोर किती उरलाय, किती तापट आहे, हे सगळं जेमतेम ३६-३७ बाइटमध्ये. या परिच्छेदातलं एक वाक्यही तेवढ्यात मावणार नाही.

आणि विचार? खेळाची मुख्य फेरी सतत फिरत असते. प्रत्येक फेरीत सगळी जहाजं थोडी पुढे सरकतात आणि पडद्यावर नव्यानं काढली जातात. पण 'आता काय करू' हे ठरवायची पाळी एका जहाजाला आठ फेऱ्यांतून एकदाच येते. मधल्या सात फेऱ्या ते आधीच्याच ठरावावर चालत राहतं. फक्त क्षेपणास्त्राला दर फेरीला विचार करायची मुभा, कारण त्याला लक्ष्य चुकवून चालत नाही. लोडशेडिंगच्या काळात गावोगाव वेळापत्रक असायचं, या फीडरला सकाळी, त्या फीडरला दुपारी, पण दवाखान्याची लाइन चालू. अगदी तसंच.

चाळीस वर्षांत संगणक कित्येक पटींनी वेगवान झाले, पण ही वाटणी संपली नाही. आज बरेच खेळ सेकंदाला ६० चित्रं काढतात. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात आणि तिच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. त्यातला मोठा हिस्सा रंग, सावल्या, धूर, तारे यांत जातो. समजा जहाजांच्या विचारासाठी २ मिलिसेकंद उरले आणि जहाजं १,००० आहेत. मग एकेकाला मिळतात २ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाच लाखावा भाग.

चौदा फेऱ्या का झाल्या?

मोठ्या जहाजाला चटकन वळता येत नाही. समजा ते सेकंदाला १०० मीटर वेगानं चाललंय आणि एका सेकंदात १० अंश वळू शकतं. मग त्याच्या वळणाची त्रिज्या होते साधारण ५७० मीटर. आता दार त्याच्या बगलेला ४०० मीटरवर असेल तर काय होईल? ते दाराकडे वळायला लागेल, पण त्याचं वळण दारापर्यंतच्या अंतराहून मोठं. जेवढं वळेल तेवढं दार बगलेलाच राहणार. 'दाराकडे वळ' हा एकच नियम ते प्रामाणिकपणे पाळतंय आणि म्हणूनच दाराभोवती घिरट्या घालतंय.

वाड्याच्या बोळात एसटी वळवणारा ड्रायव्हर काय करतो? आधी वेग मारतो, गाडी जरा मागे घेतो, मग वळवतो. जहाजालाही तेच लागतं. वेग सेकंदाला ३० मीटर केला तर त्रिज्या १७० मीटरवर येते आणि दार आवाक्यात येतं. पण त्यासाठी 'तू फेऱ्या मारतोयस, आधी हळू हो' हे त्याला उमजावं लागतं. ते उमजायला आधी काय झालं हे आठवावं लागतं, आणि बहुतेक एनपीसींना स्मरणशक्ती दिलेलीच नसते. चौदावी फेरी त्याच्यासाठी पहिलीच असते.

थांबण्याचंही असंच. सेकंदाला ५०० मीटर वेगानं येणारं जहाज दर सेकंदाला २५ मीटरनं वेग कमी करू शकत असेल, तर त्याला थांबायला २० सेकंद आणि ५ किलोमीटर लागतात. आणि ते अर्ध्या सेकंदातून एकदाच विचार करत असेल तर दोन विचारांच्या मधे २५० मीटर निघून जातात. ब्रेक लावायचा क्षण नेमका त्या फटीत पडला की जहाज दाराच्या पुढे जातं, मग मागे येतं, मग परत पुढे. 'एलिट'मध्ये जहाजं विमानासारखी उडतात, त्यामुळे हा त्रास कमी. त्याच्याच पुढच्या भागात, १९९३ च्या 'फ्रंटियर'मध्ये, न्यूटनचे नियम आणले. इंजिन बंद केलं तरी जहाज चालतच राहणार आणि थांबायचं तर उलटा जोर लावायचा. अशा अवकाशात ट्रॅफिक सांभाळणं किती अवघड, हे ते चालवून पाहणाऱ्यालाच कळतं.

जागच्या जागी थरथरणारं जहाज

आता ते नाक हलवणारं जहाज. त्याची दाराकडची ओढ आणि पुढच्या जहाजापासूनची ढकल जवळजवळ सारखी झाली होती. बेरीज शून्याच्या आसपास. एका क्षणी ओढ जरा जास्त, पुढच्या क्षणी ढकल जरा जास्त. रोबोट चालवणाऱ्यांना हे दुखणं १९८० च्या दशकापासून माहीत आहे. ओढ आणि ढकल यांच्यावर चालणारा रोबोट दोघांच्या मधल्या खळग्यात अडकून बसतो.

समोरासमोर आलेली दोन जहाजं एकाच बाजूला वळतात, ते याच घराण्यातलं. अरुंद गल्लीत समोरून कुणी आलं की आपण डावीकडे सरकतो, तोही त्याच बाजूला सरकतो, मग दोघं दुसऱ्या बाजूला. माणसं हसून एकमेकांना वाट देतात. जहाजांना हसता येत नाही, आणि दोघांचा नियम एकच असल्यानं दोघं कायम एकाच वेळी एकसारखं वागतात. यावर २००८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले युर व्हान डेन बर्ग, मिंग लिन आणि दिनेश मनोचा यांनी सुंदर तोड सुचवली. प्रत्येकानं टक्कर टाळायला लागतं त्याच्या निम्मंच वळायचं आणि उरलेलं निम्मं समोरचा वळेल असं धरून चालायचं. दोघंही तसंच धरून चालले की थरथर थांबते.

थरथरण्याचं आणखी एक कारण आकड्यांच्या पोटात आहे. संगणक अपूर्णांक ठरावीक अंकांतच साठवतो. नेहमीच्या ३२ बिटांच्या आकड्यात साधारण सात अंक नीट बसतात. खेळाच्या जगाचा मध्य सूर्यावर धरला आणि जहाज पृथ्वीच्या अंतरावर असलं, तर त्या आकड्यात दोन लागोपाठच्या जागांमधलं अंतर होतं १६ किलोमीटरांहून जास्त! मधली जागा लिहिताच येत नाही, आणि दार तर तीस-चाळीस मीटरचं. म्हणून खेळ लिहिणारे एक युक्ती करतात. जगाचा मध्य खेळाडूच्या जहाजावर ठेवायचा आणि तो उडाला की सगळं जग उलट्या दिशेनं सरकवायचं. जवळचं सगळं लहान आकड्यांत येतं आणि थरथर जाते.

कुणाचीही चूक नसताना रांग

जपानमध्ये नागोयाच्या संशोधकांनी २००८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या आणि सगळ्यांना एकाच वेगानं चालायला सांगितलं. ना सिग्नल, ना खड्डा. तरी थोड्याच वेळात गाड्या थांबायला लागल्या आणि थांबण्याची लाट मागे मागे सरकत गेली. एकानं किंचित ब्रेक लावला, मागच्यानं जरा जास्त लावला, त्याच्या मागच्यानं आणखी. शनिवारी सकाळी एक्सप्रेस वेच्या घाटात अडकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तासभर थांबून पुढे जावं तर ना अपघात, ना बंद पडलेला ट्रक.

स्थानकासमोरची जहाजं तशीच एकमेकांमागे ब्रेक मारत येतात. त्यात एक गाठ जास्तीची: आतलं जहाज बाहेर यायला दार मोकळं मागतंय आणि बाहेरचं आत शिरायला तेच दार अडवून उभं आहे. दोघंही दुसरा हलायची वाट बघतात. याला डेडलॉक म्हणतात. यावर 'ऊलाइट' या मोफत खेळाचा मार्ग मला आवडतो. 'एलिट'वर जीव असलेल्या गाइल्स विल्यम्स यांनी तो सुरू केला आणि पुढे अनेकांनी हातभार लावून वाढवला. त्यात स्थानकच ट्रॅफिक हवालदाराचं काम करतं. तू इथे थांब, तू पुढे ये, असं प्रत्येक जहाजाला सांगतं. शहाणपण जहाजात भरण्यापेक्षा चौकात एक हवालदार उभा करणं स्वस्त पडतं.

आपण गेल्यावर कसं जमलं?

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. खेळाला सगळं जग एकाच बारकाईनं चालवणं परवडत नाही. म्हणून खेळाडू असतो तिथे पूर्ण नाटक, आणि नसतो तिथे नुसती वहीतली नोंद. जर्मनीतल्या एगोसॉफ्टच्या 'एक्स' मालिकेत हजारो जहाजं खरोखर माल नेतात, विकतात, नष्ट होतात. पण खेळाडू ज्या भागात आहे तिथे वेगळे नियम आणि बाकीच्या भागांत वेगळे, ढोबळ नियम. नजरेआडच्या जहाजाला वळणं घ्यावी लागत नाहीत, टक्कर होत नाही. ते 'इतक्या वेळात पोचेल' एवढ्याच हिशेबावर चालतं.

आम्ही गेलो त्या क्षणी ते मालवाहू जहाज घिरट्या घालणारं लोखंड राहिलं नाही, वहीतली एक ओळ झालं: 'धक्क्याला लागायला अमुक मिनिटं'. मिनिटं संपली, जहाज आत. आमच्या नजरेमुळेच ते अडकलं होतं, कारण आम्ही समोर असेपर्यंत त्याला खरं वळण घेऊन दाखवावं लागत होतं.

याची उलटी बाजूही आहे. काही खेळांत वेळ दहापट पळवता येते. सेकंदाला ६०० मीटर वेगाचं जहाज एका फ्रेममध्ये १० मीटर सरकतं. वेळ दहापट केली आणि तपासण्या तेवढ्याच ठेवल्या, तर १०० मीटर. मधे ४० मीटर जाडीची भिंत असेल तर जहाज एका फ्रेमला अलीकडे असतं आणि पुढच्या फ्रेमला पलीकडे. रात्रीच्या एसटीत झोपलेल्या प्रवाशाचा डोळा साताऱ्याला उघडतो, मग थेट कोल्हापूरला. मधलं कराड त्याच्यापुरतं आलंच नाही. भिंतीतून आरपार जाणारी जहाजं अशी जन्माला येतात.

मग सगळ्यांना पुरेसा विचार का देत नाहीत?

कारण जहाजं वाढतात त्याच्या कितीतरी पट जोड्या वाढतात. कोण कुणाला धडकेल हे बघायला १०० जहाजांच्या ४,९५० जोड्या तपासाव्या लागतात, १,००० जहाजांच्या ४,९९,५००. अवकाशाचे चौकोन पाडून फक्त शेजारच्या चौकोनात बघायचं, अशा युक्त्यांनी हे खूप कमी होतं. पण स्थानकाच्या दाराशी सगळी एकाच चौकोनात गोळा होतात. गर्दी असते तिथेच युक्ती थकते. म्हणून विचित्र वागणं नेहमी दाराशी दिसतं, मोकळ्या अवकाशात क्वचित.

आता एआय आलंय, ते लावलं तर?

लावता येतं. २०२१ मध्ये सोनीच्या 'सोफी' या प्रणालीनं 'ग्रॅन तुरिस्मो' या गाड्यांच्या शर्यतीत जगातल्या उत्तम खेळाडूंना हरवलं. ती स्वतः असंख्य फेऱ्या मारून शिकली होती. पण ते काही गाड्यांचं आणि ठरलेल्या रस्त्यांचं काम. शेकडो जहाजं, रोज बदलणारी स्थानकं आणि हातात मायक्रोसेकंद, हे वेगळं गणित आहे. शिवाय खेळ बनवणाऱ्याला जहाजाचं वागणं दुरुस्त करता यायला हवं. नियम चुकला तर ओळ सापडते. शिकून आलेली सवय चुकली तर ती कुठे बसलीय हे शोधणं फार कठीण. मला विचाराल तर आज तरी नियम अधिक आणि हवालदार मजबूत, हाच बरा रस्ता.

विचित्र वागण्याचं मूळ दर वेळी जहाजाच्या डोक्यातच असतं असंही समजू नये. २०१६ च्या मे महिन्यात 'एलिट: डेंजरस'मध्ये मोठा बदल आला आणि एनपीसी अचानक अशक्य शस्त्रं चालवायला लागले. एका शस्त्राचा घाव आणि दुसऱ्याचा वेग एकत्र आल्यासारखी. खेळाडूंना वाटलं संगणक फारच हुशार झाला. बनवणाऱ्यांनी शोधलं तेव्हा मूळ नेटवर्कच्या गडबडीत निघालं, तिच्यामुळे शस्त्रांचे गुण एकमेकांत मिसळत होते.

खेळच तर आहे, मग एवढं कशाला?

कारण हेच प्रश्न खऱ्या आकाशातही आहेत. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणात चरखी दादरीच्या वर दोन विमानं हवेत धडकली आणि ३४९ माणसं गेली. त्यानंतर भारतात प्रवासी विमानांवर टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. ही यंत्रणा बसवलेली दोन विमानं जवळ आली की त्यांची यंत्रं आपसांत ठरवतात, एकानं वर जायचं आणि दुसऱ्यानं खाली. दोघांनी एकाच बाजूला वळू नये म्हणून. खेळातल्या दोन जहाजांना नेमकं हेच ठरवता येत नव्हतं. आता शेतावर फवारणी करणारे ड्रोन आलेत. एका आकाशात ते शेकड्यांनी उडतील तेव्हा त्यांनाही दार, रांग आणि अपुरा विचार यांना तोंड द्यावं लागेल, आणि तिथे वहीत नोंद करून सुटका नाही.

भाची आता सोलापूरला परत गेलीय. परवा तिचा फोन आला. दाराशी जहाज अडकलं की ती त्याच्यावर ओरडत नाही. आपलं यान लांब नेते, थोडा वेळ लघुग्रह बघत फिरते आणि परत येते. "पण मामा, काल मी गेलेच नाही, बघत बसले," ती म्हणाली. "एकविसाव्या फेरीला त्याच्या मागचं जहाज त्याला घासून गेलं, त्याचा वेग कमी झाला, आणि ते सरळ आत गेलं."

एकशे सत्तर मीटरची त्रिज्या, मी म्हटलं. ती म्हणाली, तेच सांगायला फोन केला.